चपला वाचणारी सिस्टर

“सही कोणाची आहे ह्याच्यावर? वाचा. मोठ्याने वाचा, मागे ऐकू येत नाही,” सिस्टर ओरडत होत्या. मागे ऐकू येत नाही हे धादांत खोटं होतं. सिस्टरचा स्वतःचा आवाज तर आमच्या घाटकोपरच्या सोसायटीच्या हॉलमधून निघून, गच्चीवरच्या टाकीला वळसा घालून, समोरच्या इमारतीत सातव्या मजल्यावरच्या पोपटाला घाबरवून परत आला होता. तो पोपट त्यानंतर तीन दिवस बोलला नाही म्हणतात.

स्टेजवर सेक्रेटरी उभे होते. स्टेज म्हणजे गणपतीत मखर ठेवायच्या चार फळ्या. हातात फॉर्मचा गठ्ठा, मागे भिंतीवर स्केचपेनने काढलेला तक्ता. वर मथळा, ‘गर्भपात व स्तनाचा कर्करोग : आपल्या संकुलाचे सर्वेक्षण’. एक लाल खांब, तो छताला लागायचा बाकी. शेजारी एक हिरवा खांब, तो इतका बुटका की पहिल्या रांगेतल्या आजींना तो शाईचा डाग वाटला. अर्थ सरळ होता. कर्करोग झालेल्या बायकांनी गर्भपात केले होते, धडधाकट बायकांनी केले नव्हते. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘कारण सापडले’. जगभरचे डॉक्टर दुर्बिणी घेऊन शोधतायत आणि आमच्या सेक्रेटरींना ते दोन रविवारांत सापडलं, तेही सकाळी नऊ ते बारा.

“सही,” सिस्टर म्हणाल्या.

सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर चढवून फॉर्म नाकाशी नेला. “कुटुंबप्रमुखाची.”

“म्हणजे नवऱ्याची.”

“नवरा नसेल तर सासऱ्याची. किंवा मुलाची. तशी टीप दिलीय खाली.”

“आणि विचारलंय काय?”

“घरातील महिलांचा गर्भपात झाला आहे का. हो किंवा नाही.”

“मग महिलांची सही कुठाय?”

सेक्रेटरींनी फॉर्म उलटा करून पाठीमागे पाहिलं, जणू महिला मागच्या बाजूला असाव्यात.

हे सगळं पुढे कुठे गेलं ते सांगते, पण आधी सिस्टर सांगायला हव्यात, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई भांडकुदळ होती. तशा होत्याच. पण तेवढ्याच नव्हत्या.

सिस्टरना नाव होतं. महापालिकेच्या पगारपत्रकात असणार. मी आरोग्य सेविका म्हणून नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण मला ते कधी लागलं नाही. मानखुर्दपासून घाटकोपरपर्यंत ‘सिस्टर’ म्हटलं की एकच. उंची साडेचार फूट, त्यातला अर्धा फूट अंबाडा. त्यांच्या पिशवीत लसीचा डबा, वजनकाटा, दोन वह्या, एक पेन, एक पेन्सिल आणि डिंकाचे लाडू असायचे. लाडू त्या कोणाला देत नसत. ते फक्त आहेत, एवढंच आम्हाला माहीत होतं.

घरोघरी जाऊन नोंदी करायचं आमचं काम. मुलं किती, लस दिली का, किती वेळा दिवस गेले, किती पडले, किती पाडले. ऐकायला सोपं आहे. करून बघा. कुठल्याही दाराची बेल वाजवण्याआधी सिस्टर मान खाली घालून क्षणभर उभ्या राहत. आम्हा नव्या मुलींना वाटायचं, बाई धार्मिक आहे, उंबऱ्याला नमस्कार करतेय. त्या चपला वाचत होत्या. पुरुषाचे बूट दिसले की नवरा पाळीवरून आलाय, आज फक्त लसीचं विचारायचं. पट्टा शिवलेली काळी चप्पल म्हणजे सासू हजर, दिवस गेल्याची गोष्ट काढायची नाही. नवी कोरी सँडल म्हणजे नणंद माहेरी आलीय, सरळ मागे फिरायचं. बाईमाणसाची एकच जोडी असेल तर बेल वाजवायची आणि वही काढायची.

देवनारला एकदा बंद दाराबाहेर उभं राहून त्यांनी मला सांगितलं, आत बाई आहे आणि आठव्या महिन्यात आहे. मी विचारलं, कशावरून. म्हणाल्या, बघ ना, पायाला सूज आलीय म्हणून नवऱ्याची चप्पल वापरतेय आणि टाच बाहेरच्या अंगाने झिजलीय. दार उघडलं. आठवा नव्हता, नववा होता. सिस्टरनी ह्या चुकीबद्दल स्वतःला आठवडाभर माफ केलं नाही.

लोकांच्या घरात त्या कधी खुर्चीवर बसल्या नाहीत. पायाला चाकं असल्यासारख्या उभ्या. त्याचंही शास्त्र होतं. “बसलं की चहा येतो, चहा आला की सासू येते, सासू आली की उत्तर बदलतं,” असं त्या सांगायच्या. आत उभ्या-उभ्या जे विचारायचं ते विचारून पेनाने लिहायच्या. मग पदर खोचून म्हणायच्या, “निघते मी. जिन्यापर्यंत सोडायला ये गं.” ती बाई जिन्यापर्यंत यायची. दोन पायऱ्या उतरल्यावर सिस्टर तोच प्रश्न परत विचारायच्या, आणि दहातल्या सात वेळा उत्तर वेगळं यायचं. हे उत्तर दुसऱ्या वहीत, पेन्सिलीने. नाव नाही, खोली नंबर नाही. नुसतं ‘निळी स्लीपर, अंगठा तुटका : दोन. घरी एकच माहीत.’ पेनाची वही ऑफिसला जायची, साहेब त्यावर शिक्का मारायचे, तिथून ती कुठल्याशा मोठ्या आकड्यात जाऊन बसायची आणि कोणीतरी त्या आकड्यावर भाषण करायचं. पेन्सिलीची वही पिशवीत राहायची. मी एकदा विचारलं, सिस्टर, खरं ते पेन्सिलीने कशाला. म्हणाल्या, “खोडता यायला हवं. खोट्याला काय, ते पक्कं असलं तरी कोणाचं बिघडत नाही.”

लिफ्ट बंद असलेल्या इमारतींवर त्यांचा फार जीव. जिने जितके जास्त तितका सर्व्हे चांगला. कुठे नवी लिफ्ट बसली की त्यांचा चेहरा पडायचा.

मानखुर्दला एका नवऱ्याला वहीचा वास लागला. माणूस कपाटाएवढा. जिन्यात आडवा उभा राहून म्हणाला, हिने काय सांगितलं ते दाखवा. सिस्टरनी शांतपणे पान फाडलं, घडी घातली, तोंडात टाकलं आणि चावायला लागल्या. तो बघतोय, मी बघतेय, त्याची बायको भिंतीला टेकून बघतेय. बत्तीस वेळा चावलं. मग म्हणाल्या, “चहा मिळेल का? कागद कोरडा आहे.” त्याने चहा आणला, हे तुम्हाला खोटं वाटेल, पण आणला. पान पोटात गेलं की रुमालात, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. चावताना मात्र मी पाहिलंय.

तर अशी बाई त्या रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत, अर्थात उभी, येऊन राहिली होती. तिला तिथे मी आणलं होतं. का आणलं ते सांगायला मला आजही जरा लाज वाटते.

तिसऱ्या रांगेत माझी वहिनी बसली होती. तिच्या उजव्या स्तनात गाठ होती, चार महिन्यांपासून. अख्ख्या हॉलमध्ये हे दोघींनाच माहीत होतं, तिला आणि मला. मला तिने आंघोळीनंतर एकदा हात लावून दाखवली होती आणि हात काढायच्या आधी माझ्या भाच्याची शपथ घालून तोंड शिवून टाकलं होतं. आणि मी कोण, तर रोज वीस दारं वाजवून ‘गाठ लागली तर लपवू नका, लगेच दाखवा’ असं तोंडपाठ म्हणणारी. सरकारी छत्रीखाली मी वाघीण. स्वतःच्या स्वयंपाकघरात गोगलगाय. चार महिने गप्प बसले.

वहिनीचं म्हणणं असं. दाखवायला गेले की डॉक्टर विचारणार, किती वेळा दिवस गेले होते. आई बरोबर येणारच, आमची आई दुधाच्या पिशवीलासुद्धा एकटं जाऊ देत नाही. मग तिच्यासमोर सांगावं लागणार की भाचा अकरा महिन्यांचा असताना पुन्हा राहिलं होतं आणि दादा नि ती गुपचूप जाऊन मोकळे होऊन आले होते. आईला सांगितलं होतं, मुलुंडला मावसबहिणीकडे पूजा आहे. आणि समजा आईचं निभावलं, तरी सोसायटीचं काय? सेक्रेटरींनी महिनाभर ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाच्या फुलाखाली तेच टाकलं होतं, गर्भपात केला की हा आजार होतो. म्हणजे उद्या गाठ वाईट निघाली तर ती नुसती गाठ नाही, सातही मजल्यांवर लागलेली नोटीस. “माझं डोकं भादरलेलं दिसलं की लोक आजार बघणार नाहीत गं,” ती म्हणाली, “ते हिशेब करत बसणार, कधी केलं असेल.” म्हणून ती गाठ ब्लाउजमध्ये झाकून पोळ्या लाटत होती.

त्यात सेक्रेटरी फॉर्म घेऊन आमच्या दारात आले होते. मी तिथेच होते. आईने स्वयंपाकघरातूनच ठणकावलं, “आमच्यात तसला काय नाय हा.” आई मालवणची, मुंबईत पन्नास वर्षं झाली, सासरे गिरणीत होते तेव्हापासून, पण रागाची आणि इभ्रतीची भाषा अजून तिकडचीच. दादा अर्धी दाढी करून बाहेर आला. कुटुंबप्रमुख. एका गालावर फेस. दोन नावांपुढे दोनदा ‘नाही’ लिहिलं, एक आईच्या, एक वहिनीच्या (मी बिनलग्नाची, मला विचारायचा प्रश्नच नव्हता), आणि सही ठोकली. वहिनीची पोळी त्या दिवशी पहिल्यांदा करपली. दादाचा फेस नसलेला गाल लाल झाला होता. सेक्रेटरी म्हणाले, अभिनंदन, आदर्श कुटुंब. अशा आदर्श कुटुंबांचा मिळून तो बुटका हिरवा खांब झाला होता.

शपथ मोडायची नाही म्हणून मी सिस्टरना एवढंच सांगितलं, आमच्याकडे सेक्रेटरींनी एक तक्ता काढलाय, बघायला या. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी तेव्हा अनवाणी होते, नाहीतर तिथेच सगळं वाचून झालं असतं.

आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी मला ते आधी एकदा नीट समजावलं होतं, मीच खोदून विचारलं म्हणून. पूर्वी काही ठिकाणी असंच झालेलं, आजारी बायकांना आणि निरोग्यांना गाठून विचारलं की तुम्ही पूर्वी गर्भपात केला होता का, आणि त्यात संबंध दिसला. मग लोकांनी उलट्या बाजूने काम केलं. आधी दवाखान्यातल्या जुन्या नोंदी घेतल्या, आजार व्हायच्या आधीच्या, आणि वर्षानुवर्षं वाट बघितली की कोणाला होतो. संबंध गायब. लहान वयात पूर्ण दिवसांचं बाळंतपण झालं, अंगावर पाजलं, तर थोडं संरक्षण मिळतं हे खरं आहे, पण गर्भपाताने धोका वाढतो असं त्यातून निघत नाही, असं मॅडम म्हणाल्या. मी हे सिस्टरना सांगितल्यावर त्यांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. एवढे शिकलेले लोक शेवटी चपला वाचायला लागले, एवढंच त्यांचं मत पडलं.

आता परत हॉलमध्ये. सेक्रेटरी फॉर्मच्या मागच्या बाजूला महिला शोधून थकले होते. बाजू सावरायला म्हणाले की काही घरांत महिलांनी स्वतः उत्तर दिलंय, त्यांच्या समोरच.

“समोर अजून कोण होतं?” सिस्टर.

“सगळं कुटुंब होतं. लपवाछपवी नकोच म्हणून मी सगळ्यांना एकत्र बसवूनच विचारलं.”

त्यावर कोणीतरी हसलं. आधी एक, मग चार, मग सगळ्या बायका, पदर तोंडाला लावून. असं हसू मी आमच्या हॉलमध्ये कधी ऐकलं नव्हतं. पुरुष एकमेकांकडे बघत होते की विनोद कोणता झाला.

सिस्टरनी पिशवीत हात घातला आणि पेन्सिलीची वही वर काढली. हसू बंद. पंखासुद्धा दबकून फिरायला लागला. आमच्या इमारतीचा सर्व्हेही सिस्टरनीच केलेला, त्यामुळे त्या वहीबद्दल सगळ्या बायकांना ठाऊक होतं, आपापल्या पानापुरतं. एकूणएक बाई दाराकडे बघत होती, जिथे बाहेर दोनशे चपलांचा ढीग पडला होता. माझ्या शेजारच्या काकूंनी तर पायाचं बोट आत ओढून घेतलं, जणू चप्पल अजून पायातच आहे.

“ह्याच्यात नावं नाहीत,” सिस्टर म्हणाल्या. “आणि आकडा मी सांगणार नाही. एवढंच सांगते, ह्या इमारतीतल्या ज्या बायकांना काही झालेलं नाही, ज्या आज सकाळी दळण टाकून, मुलांना क्लासला सोडून इथे येऊन बसल्यात, त्यांचा खरा खांब काढायला घेतला तर सेक्रेटरी, तुम्हाला भिंत वाढवावी लागेल. दोन्ही खांब सारखे होतील. मग तुमचं कारण कुठे राहिलं?”

खरं सांगते, मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आमचे सेक्रेटरी म्हणजे स्वतःचं रक्तदाबाचं यंत्र घेऊन अख्ख्या सोसायटीला घाबरवत फिरणारा माणूस. रंगाच्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी कोणाला सुखाने भात खाऊ दिला नव्हता. त्यांचा तक्ता असा भर रविवारी पडताना बघणं ही पर्वणी होती. पण ते पडले नाहीत. चष्मा काढला, पुसला, आणि नेहमीचा भाषणाचा आवाज बाजूला ठेवून म्हणाले,

“माझ्या बायकोने मला स्वतः सांगितलं होतं, सिस्टर. शेवटच्या महिन्यात. लग्नानंतर पहिल्या वर्षी, मला न सांगता. तिने मला हात जोडून सांगितलं की त्याच्यामुळेच हे झालं असणार. मी काय तिला खोटं ठरवू?”

सेक्रेटरींची बायको तीन वर्षांपूर्वी ह्याच आजाराने गेली हे सगळ्यांना माहीत होतं. हे माहीत नव्हतं. टाळ्यांसाठी शिवशिवणारे हात मी मांडीखाली घातले.

सिस्टरनी जवळची प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी शपथेवर सांगते, आणि ही शपथ मोडलेली नाही.

“त्या खोटं बोलल्या नाहीत,” त्या म्हणाल्या. आवाज इतका खाली की आता खरंच मागे ऐकू जात नव्हतं, आणि लोक मागून उठून पुढे आले. “आजारी बाईला सगळे विचारतात. डॉक्टर विचारतो, बहीण विचारते. रात्रंदिवस ती स्वतःला विचारते, मी काय केलं म्हणून. ती कपाटाच्या तळापर्यंत जाऊन शोधते, आणि तिला काहीतरी सापडतंच. ह्या बसल्यात ना, ह्यांनाही सापडेल. ह्यांना शोधायची वेळ आली नाही, आणि तुम्ही विचारायला गेलात तेव्हा पेन नवऱ्याच्या हातात होतं.”

“मग कशाने झालं?”

“पुष्कळदा कळत नाही. वय वाढतं. काही घराण्यांत असतं. वजन असतं, दारू असते. बहुतेक बायांच्या बाबतीत बोट ठेवायला जागाच नसते.”

“म्हणजे तिने केलं म्हणून नाही.”

“नाही.”

सेक्रेटरींनी तक्ता भिंतीवरून उतरवला नाही, ते त्यांच्या रक्तात नाही. पण वळून, लाल स्केचपेनने ‘कारण सापडले’ ह्यावर एक रेघ मारली, पट्टी लावून. मग सवयीने म्हणाले की आता अल्पोपाहार आहे, कुपन दाखवावे.

वडे खाऊन लोक पांगले. सिस्टर जिना उतरायला लागल्या तेव्हा मी पोहोचवायला निघाले, तर वहिनीने मला कोपराने बाजूला केलं. “मी सोडते त्यांना,” म्हणाली. मी वरच्या कठड्यावरून बघत होते. दोन पायऱ्या, तीन पायऱ्या. सिस्टर काही विचारत नव्हत्या. चौथ्या पायरीवर वहिनीने त्यांचा हात धरला आणि पदराखाली ठेवला. सिस्टर तशाच उभ्या राहिल्या, डोळे मिटून, पाव मिनिट. मला वाटलं, आता ही बाई काहीतरी धीराचं बोलेल. बोलल्या ते असं, “उद्या साडेसात वाजता. केसपेपरची रांग मोठी असते. उपाशी येऊ नकोस, रक्त नाही द्यायचं. आणि हे चार महिने काय करत होतीस, असं मी विचारणार नाही, कारण तुझी नणंद वर उभी राहून ऐकतेय, तिला विचारायचंय.”

मला त्यांनी जे विचारलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पिशवीतला डिंकाचा लाडू त्यांनी वहिनीला दिला. तो तिने नेऊन देवापुढे ठेवला. खायची हिंमत झाली नाही.

पुढचं थोडक्यात. गाठ वाईटच होती, पण फार पसरली नव्हती. ऑपरेशन झालं, ते सगळे इंजेक्शनचे महिने झाले, केस गेले, परत आले, आधीपेक्षा कुरळे. आता वहिनी ठणठणीत आहे आणि माझ्याशी गॅसच्या शेगडीवरून भांडते. सेक्रेटरींनी नवा फॉर्म काढलाय. त्यावर वर मोठ्या अक्षरांत ‘गोपनीय’ असं आहे. खाली सहीची जागा तशीच आहे, कारण सहीशिवाय कागद त्यांना नागडा वाटतो. सिस्टर निवृत्त होऊन बोरिवलीला भाचीकडे राहायला गेल्या. तिथल्या देवळाबाहेर बसून त्या आता कोणाच्या घरात काय चाललंय ते बसल्याजागी सांगतात, असं भाची म्हणते. लोक त्यांना ज्योतिषी समजून पाया पडतात. त्या पडू देतात.

पण त्या साडेसातचं राहिलं. त्या सोमवारी मोठ्या हॉस्पिटलात आम्ही फौज घेऊन गेलो. वहिनी, दादा, मी, सिस्टर, आणि अर्थातच आई, डब्यासकट. आईला रात्रीच सांगितलं होतं, गाठीचं फक्त. दुसरं सांगायची वहिनीची छाती झाली नव्हती. डॉक्टरीण पोरगेली, डोळ्यांखाली झोपेची काळी वर्तुळं. आत सगळे घुसलो, सिस्टर दाराला पाठ लावून उभ्या. डॉक्टरणीने वय विचारलं, पाळी विचारली. मग मान वर न करता, “किती वेळा दिवस गेले? गर्भपात?”

दादा छताकडे बघायला लागला. मी आईकडे बघत नव्हते, म्हणजे फक्त तिच्याकडेच बघत होते.

“दोनदा गेले,” वहिनी म्हणाली. “एक मुलगा. आणि एक पाडलं.”

डॉक्टरीण पत्ता लिहावा तसं ते लिहून पुढच्या प्रश्नावर गेली, घरात कोणाला हा आजार होता का. पण आईने टेबलावर हात ठेवला.

“थांब गो बाय. त्येच्यामुळे झाला काय ह्या?”

“कशामुळे?”

“पाडल्यामुळे.”

“नाही आजी. त्याचा ह्याच्याशी संबंध नाही.”

“मग विचारलंस कित्याक?”

“सगळ्यांनाच विचारते. कागदावर आहे म्हणून.”

आईने वहिनीकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं म्हणून सांगू, तेवढ्यात बाहेरून दोन पेशंट दारावर टकटक करून परत गेले. वहिनीने मान खाली घातली होती, फाशीच्या तख्तावर उभं असल्यासारखी. मग आईने डब्याची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाली, “माजे दोन झाले. माका तर काय एक होऊक नाय. ह्या पण लिवन घे.”

डॉक्टरीण म्हणाली, तुमचं लिहायचं नाही आजी. दादाच्या हातातली फाइल खाली पडली, सगळे कागद पसरले, आणि आदर्श कुटुंबाचा प्रमुख गुडघ्यांवर बसून टेबलाखाली ते गोळा करत राहिला, गरजेपेक्षा बराच जास्त वेळ. आईने वहिनीच्या पाठीवर हात ठेवला, तो तपासणी संपेपर्यंत काढला नाही.

परतताना दादा मोटरसायकलवर पुढे गेला. आम्ही चौघी एका रिक्षात. तीनच बसतात, असं रिक्षावाला म्हणत होता, पण सिस्टर त्याच्या शेजारी चढून त्याला तंबाखूवर व्याख्यान द्यायला लागल्यावर त्याचा विरोध मावळला. मागे आई मधे, तिच्या एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला मी. वहिनी आईच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती, चार महिन्यांत पहिल्यांदा अशी. मी बाहेर बघत होते. माझ्या डोक्यात दोन भावंडं येऊन बसली होती, नाव नसलेली, आणि मला काही केल्या त्यांचं वय काढता येत नव्हतं. शेवटी राहवलं नाही. मी हळूच विचारलं, “आई, खरंच दोन?”

आई समोर रस्त्याकडे बघत होती.

“तीन,” ती म्हणाली. “पण थंय तुझो भाव उभो होतो.”